निधान

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मळणी उरकली की खानापूरकडचा माझा मावसभाऊ दरवर्षी एक पोतं तांदूळ पाठवतो, यंदा टेम्पोवाला घाईत होता म्हणून पोतं गल्लीच्या तोंडाशीच उतरवून गेला. पन्नास किलो. समोरच्या पोराला हाक मारली असती तर आला असता, पण मला कुठनं तरी हुक्की आली आणि मी ते एकट्यानं उचललं. मी एक्कावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यभर विम्याच्या पॉलिश्या विकल्या, वजन म्हणून उचललं असेल तर फायलींचं. तरी उचललं गेलं, खरंच सांगतो, गल्ली ओलांडली, तीन पायऱ्या चढलो, सोप्यात आलो आणि कोपऱ्यात ठेवायचं म्हणून वाकलो तर गुडघ्यापाशी आल्यावर हातातला जीवच गेला आणि पोतं धप्पकन पडलं. एका कानाची शिवण उसवली, नवा तांदूळ फरशीवर पसरला. त्याचा तो कच्चा गोडसर वास आणि माझ्या कमरेत एक बारीक चमक, दोन्ही एकदमच.

आप्पा, म्हणजे माझे वडील, समोर खुर्चीत बसले होते. एरवी एवढ्यावर त्यांनी माझी दोन पिढ्यांची अक्कल काढली असती, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात तेवढा खुर्चीवरनं उठला, खांद्याच्या उंचीला गेला, पोत्याचा कान धरताना वळतात तशी बोटं वळली आणि मग तो हात सावकाश, इतका सावकाश की मी तांदूळ भरायचा सोडून बघत बसलो, मांडीपर्यंत खाली आला. हातात काही नव्हतं. पण त्या सुकलेल्या दंडात, जिथं आता कातडं लोंबतं, तिथं लिंबाएवढी बेडकुळी उठली होती, हात खाली येईल तशी ती लांबट होत गेली आणि हात मांडीला टेकल्यावर विरून गेली. मग त्यांनी टीव्हीकडं तोंड फिरवलं.

एवढंच.

आप्पा तीस वर्षं बेळगावच्या रविवार पेठेत हमाल होते. तेव्हाची पोती शंभर किलोची, आताच्यासारखी पन्नासची नाजूक नव्हेत. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो, आणि मला आठवतं ते म्हणजे तिथला वास, मिरची, गूळ, गोणपाट आणि घाम, सगळं एकात एक, आणि ती मिसळलेली भाषा, अर्धं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. ट्रकला फळी लावलेली असायची, त्यावरनं पाठीवर पोतं घेऊन हमाल उतरायचे, फळी मध्यावर लवायची. मी पोरवयात समजायचो की खरं काम ते उचलण्याचं. दोघं मिळून पोतं पाठीवर चढवायचे, चेहरे लालबुंद, मानेच्या शिरा दोरासारख्या, ते बघायला भारी वाटायचं. थप्पी लावताना मात्र कुणी बघत नसे. आप्पांचं पोतं थप्पीवर बसायचं तेव्हा आवाज यायचा नाही, बाकीच्यांचं धप्प व्हायचं आणि धुरळा उडायचा. अडत्या गादीवर पाठमोरा बसून ओळखायचा म्हणे की हे कुणाचं. आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, नवीन पोरगा कामाला लागला की हमखास ऐकवायचे, "उचलताना कोण मरत न्हाई रं, ठेवताना मरतंय."

मला ते वाक्य नेहमी जरा ग्यानबाजी वाटायचं. उचललेलं खाली ठेवायला काय लागतं, खाली तर ते आपणहून जातंय की.

त्या रात्री कमरेला बाम चोळून पडलो, झोप लागेना, आणि डोक्यात तो हात वरखाली व्हायला लागला. बीएस्सीला माझं झूऑलॉजी होतं, त्याचा पुढं काडीचा उपयोग झाला नाही, पण प्रॅक्टिकलचा बेडूक आठवला. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला, फॉर्मॅलिनचा डोळ्यांत जाणारा वास, आणि एकदा सरांनी ताज्या बेडकाच्या पोटरीला तारेनं करंट लावून दाखवला होता, मेलेला पाय टणकन उडाला तशी पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली होती. हे असं करून गाजवलं ते इटलीत बोलोन्याला, गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञानं, १७८० च्या दशकात. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत बेडकांची जी कत्तल झाली ती झालीच. पण मजा बघा, दंडातल्या त्या फुगवट्याला आपण मराठीत म्हणतो काय, तर बेडकुळी. आमच्याकडं पावसाळ्यात भाताच्या खाचरांत रात्रभर ओरडणारा तो गुबगुबीत प्राणी कुणालातरी कातड्याखाली हललेला दिसला असणार. शास्त्रज्ञ ज्याच्या पायात जोर शोधत बसले, त्याचं नाव आपल्या आज्या-पणज्यांनी नातवाच्या दंडाला आधीच देऊन टाकलं होतं.

मग मोबाईलवर वाचत बसलो. रात्रीचे दोन वाजले. कॉलेजात हे सगळं पाठ केलेलं, पेपर टाकून आलो आणि विसरलो, पण आता पोत्यामुळं ते वेगळंच वाटायला लागलं. पूर्वी लोकांना वाटायचं की स्नायूच्या आत काहीतरी आकसतं, स्प्रिंगसारखं किंवा भिजलेल्या सुतळीसारखं. १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ आले, एक अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आपल्याकडं एका गावात दोन पाटील दिसले की पहिला प्रश्न भावकीचा, तर या दोन हक्सलींची भावकी नाही, एक केंब्रिजला, दुसरा तेव्हा अमेरिकेत. एकानं बेडकाचा स्नायू घेतला (पुन्हा बेडूक), दुसऱ्यानं सशाचा. आणि दोघांनी सांगितलं ते एकच, की आत काहीच आकसत नाही. जाड धागे आहेत मायोसिन नावाच्या प्रथिनाचे, बारीक धागे आहेत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे, दोन्हींची लांबी आहे तेवढीच राहते, फक्त ते एकमेकांत सरकतात.

हे मला कळलं ते आमच्या जुन्या घराच्या परसातल्या आडामुळं. आई पाणी शेंदायची. शेंदताना दोर काही आखूड होत नाही, तो सरकतो, एक हात धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढं जाऊन धरतो, तोवर दुसऱ्या हातानं धरलेलं असतं, दोन्ही हात एकदम सुटले तर घागर तळाला. मायोसिनच्या एका धाग्यावर अशी तीनेकशे डोकी असतात, प्रत्येक डोकं ॲक्टिनला धरतं, ओढतं, सोडतं. एका ओढीत सरकणं किती, तर मिलिमीटरचा लाखावा भाग. हसू येण्यासारखं माप आहे. पण धाग्यांच्या अशा कप्प्यांच्या, म्हणजे सार्कोमिअरच्या, रांगा लागलेल्या असतात, एका सेंटीमीटरला चारेक हजार, सगळे एकदम थोडे थोडे सरकले की दंड हलतो. मेंदूतनं निघालेला निरोप नसेतनं स्नायूपर्यंत येतो, आत कॅल्शियमची पिशवी फुटल्यासारखं कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरचं झाकण बाजूला होतं आणि मग डोक्यांना धरायला जागा मिळते. कॅल्शियम परत आत ओढून घेतलं की झाकण बंद, काम बंद. आणि हे सगळं फक्त ओढणं, बरं का, स्नायूला ढकलता येत नाही. तालमीत आपण जमिनीला ढकलत जोर मारतो तेव्हासुद्धा आत कुठंतरी कोणतरी ओढतच असतंय.

एक गणित वाचून मी अंथरुणात उठून बसलो. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासनं चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला चिकटतो आणि ओझं असतं तिथनं फूटभर लांब तळहातात. म्हणजे हातात दहा किलो धरले की स्नायूला आत सात-आठ पट ओढायला लागतं. बिचारा हमालाचाही हमाल.

पण माझा प्रश्न ठेवण्याचा होता. वाचता वाचता तो भाग आला तेव्हा मला आप्पांची आठवण नको इतकी झाली. ओझं खाली आणताना स्नायू सैल पडत नाही, तो धरून असतो आणि धरून असतानाच लांब होत जातो. भरलेली घागर आडात परत सोडायची वेळ आली तर दोर नुसता सोडून चालत नाही, मुठीतनं रोखत रोखत सोडायचा, तळहात सोलून निघतात. तसंच आत होतं. डोकी धरून बसलेली असतात आणि ओझं त्यांना ओढून सोडवतं, ती पुन्हा धरतात, पुन्हा ओढून काढली जातात. शिवाय टायटिन म्हणून एक भलामोठा प्रथिनाचा धागा असतो, तो ताणला की रबरासारखा ओढून धरतो. स्नायू बाहेर काढून मोजला तर असा लांब होताना तो आखडतानापेक्षा जास्त जोर लावतो, एका जागी स्थिर धरतो त्याच्याही दीडपटीच्या आसपास जातो. आणि इंधन मात्र कमी खातो. १९५२ साली इंग्लंडात अॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या, एकानं पेडल पुढं मारायचं आणि दुसऱ्यानं त्यामुळं उलटं फिरणारं आपलं पेडल पायानं अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण ऑक्सिजन मोजला तर अडवणाऱ्याला फारच कमी लागला. पुढं मारणारा घामाघूम आणि मागं धरणारा गप्पा मारायला मोकळा. यातली बिगलँड बाई होती, मला तिची आणि आप्पांची एकदा गाठ घालून द्यायला आवडली असती.

स्वस्तातला जोर म्हणावा तर त्याचं बिल नंतर येतं. मागं एकदा ऑफिसातल्या पोरांच्या नादानं येळ्ळूरपासनं चालत राजहंसगडावर गेलो होतो, चढताना फेफे उडाली, दोन ठिकाणी बसलो, उतरताना मात्र उड्या मारत आलो, म्हटलं गड जिंकला. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरायला पाय ठेवला आणि कठडा धरून आई गं म्हटलं, मांड्या लाकडाच्या झालेल्या, संडासला बसायची पंचाईत. बायको म्हणाली चढून पाय भरलेत. आम्ही सगळे हेच म्हणतो आणि वर लॅक्टिक ॲसिडचं नाव घेतो, पण ते तर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. मांड्या दुखल्या होत्या उतरल्यामुळं, प्रत्येक पावलाला शरीराचं वजन रोखताना आतले काही सार्कोमिअर ताणून विस्कटलेले, त्यांची सूज एक-दोन दिवसांनी वर येते. त्यातही एक शहाणपण आहे, एकदा असं दुखून निघालं की पुढचे काही आठवडे तेच काम केलं तरी तितकं दुखत नाही, स्नायू शिकून घेतो. म्हणजे आप्पा रोज फळीवरनं उतरायचे आणि रात्री पाय दाबा म्हणायचे नाहीत ते यामुळं. मला वाटायचं मोठा सहनशील माणूस. थोडा होताही. पण बरंचसं काम त्यांच्या मांड्यांनी परस्पर शिकून ठेवलेलं.

इथं जरा विषय सोडून सांगतो. आमची आज्जी गेली तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका आल्या आल्या रडायच्या आधी कामाला लागल्या, हात-पाय सरळ करा, हनुवटी बांधा, अंगठे बांधा, आखडलं की मग काय होत न्हाई. मला त्यांचा तो घाईचा कोरडा आवाज फार लागला होता. आता कळतं की त्यांना जे ठाऊक होतं त्याचं रसायन असं आहे, की मायोसिनच्या डोक्याला धरायला नव्हे तर सोडायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं. जीव गेला की काही तासांत एटीपी संपतं, धरलेलं धरलेलंच राहतं, सगळं शरीर लाकूड होतं, एक-दोन दिवसांनी धागेच नासायला लागले की सैल पडतं. वामन गल्लीत का कुठं राहणारी एक म्हातारी आज्जीची मूठ उघडत होती, एकेक बोट, शेंग सोलल्यासारखं, आणि पुटपुटत होती, "सोड बाई, सोड आता." मी तेव्हा दाराआड उभा होतो.

असो.

तर आप्पा. आता एकोणऐंशी आहेत. गेल्या वर्षीपासनं ते खुर्चीत बसतात ते बसत नाहीत, पडतात. खुर्चीपाशी येतात, पाठ वळवतात, मागं हात नेऊन चाचपतात, वाकतात, आणि शेवटची चार बोटं उरली की धप्प. खुर्चीचा एक पाय त्यानं वाकडा झालाय. ज्या माणसाचं शंभर किलोचं पोतं आवाज न करता बसायचं, त्याचं स्वतःचं चोपन्न किलोचं अंग बसताना घरभर आवाज जातो. मी तो आवाज आधी ऐकत होतो, पण कानावर घेत नव्हतो. माझं पोतं पडलं त्या दिवशी दोन्ही धप्प एकमेकांना लागून ऐकू आले. आप्पांनी तो हात हवेत का फिरवला असेल याचा मी बराच विचार केला. मला शिकवायला? की स्वतःला दाखवायला, की बघ, अजून येतंय? विचारायची हिंमत झाली नाही. बापाला असलं कोण विचारतं.

फिजिओथेरपीला एक पोरगा घरी येतो, गोकाककडचा, मराठी समजतं पण बोलताना कन्नडवर जातो. आप्पांना ते बरंच पडतं, पेठेतले दिवस आठवत असावेत. तो म्हणाला, उठायची नको, बसायची प्रॅक्टिस करवून घ्या. मला नवल वाटलं, मी त्याला म्हटलं, अरे त्यांना उठता येत नाही ही तक्रार आहे. तर तो म्हणाला, म्हातारपणात उचलायचा जोर आधी जातो, रोखून धरायचा त्यामानानं मागं राहतो, जे शिल्लक आहे तिथनं सुरुवात करायची. मग त्यानं सांगितलं, म्हातारपणी काही नसा मरतात, त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात, शेजारच्या नसा त्यातले काही दत्तक घेतात, काही तसेच सुकून जातात. 'दत्तक' हा शब्द त्यानं मराठीत वापरला. आप्पा हे सगळं ऐकत होते, म्हणाले, "म्हंजे आतबी भाडेकरू बदलालेत म्हण की."

तर रोज सकाळी चहाच्या आधी बसण्याचा कार्यक्रम. खुर्ची भिंतीला टेकवायची, वर एक जाड उशी, म्हणजे फार खाली जायला नको. मी समोर उभा, काखेत हात. पोरगा म्हणतो तसं पाच मोजत खाली यायचं, आणि तो सारखा म्हणत राहतो, "निधान, अज्जा, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. हा शब्द मी लहानपणापासनं ऐकलाय, ट्रक मागं घेताना, पोतं उतरवताना, बसमधनं म्हातारी उतरताना. पण परवा सहज कोशात बघितलं तर मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन, आणि मुळात संस्कृतात त्याचा अर्थ ठेवणं, खाली ठेवणं. रविवार पेठेत तीस वर्षं हा शब्द आप्पांनी दिवसातनं शंभरदा उच्चारला असेल, कोशातलं हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? सावकाशच ठेवतंय न्हवं माणूस?"

पहिले पंधरा दिवस काही खरं नव्हतं. दोनपर्यंत नीट, तिनाला मांड्या लटपटायला लागायच्या, चाराला माझ्या हातावर सगळा भार आणि पाचाला धप्प. मांडीला हात लावला तर आत बारीक थरथर कळायची, आडावर शेवटच्या घागरीला आईच्या मनगटात यायची तशी. मला राग यायचा, कुणावर ते कळायचं नाही. एके दिवशी मी जरा वैतागूनच म्हटलं, आप्पा, रोखून धरा की, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच गप्प झालो. पोतं सोडून दिलेल्या माणसानं हे सांगावं.

मग फेब्रुवारीत एका सकाळी, पोरगा आला नव्हता, त्या दिवशी आम्ही दोघंच. मी काखेत हात घातले तर म्हणाले, "काढ हात." मी काढले, पण लांब नाही, वीतभर अंतरावर तसेच धरून ठेवले. ते वाकले. तोंडानं मी मोजत होतो आणि मोजता मोजता मलाच कळेना की मी पाचाच्या पुढं गेलोय. मांड्या थरथरत होत्या, पायजम्याचं कापड हलत होतं, कपाळावर घाम, ओठ आत घेतलेले. शेवटच्या चार बोटांवर ते थांबले. खरंच थांबले, अधांतरी, आणि त्यांचे दोन्ही हात पुढं आले होते, बोटं वळलेली, कान धरल्यासारखी, आणि दोन्ही दंडांत ती बेडकुळी. मग टेकले. खुर्ची नुसती करकरली.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. गल्लीत दूधवाल्याची घंटा वाजत होती. त्यांचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला, तोवर मी उगीच उशी नीट केली, पंखा लावला, परत बंद केला. मग त्यांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं ते पोतं होतं, एव्हाना अर्ध्यावर आलेलं, उसवलेल्या कानाला बायकोनं दाभणानं टाके घातलेले.

"किती दिस बघालोय," आप्पा म्हणाले, "भिंतीला ओल हाय तिथं. वीतभर पुढं घे ते. आणि उचल, ओढू नको, फरशीवर कापड घासतंय."